म्हाळूची कव्हरं

बोरखडी गावात म्हाळू नावाचा एक माणूस राहायचा. फार भोळा. कुणी काही सांगितलं की त्यातला शब्दन् शब्द तो पाळायचा. आणि घोटाळा तिथेच व्हायचा.

एकदा एका लग्नात त्याला कुणीतरी म्हणालं, "म्हाळू, पानांवर लक्ष ठेव." म्हाळूने लक्ष ठेवलं. पंगत बसली, ताटकळली आणि तशीच उठली. कुणाच्याही पानात भात पडला नाही, कारण भाताचं पातेलं म्हाळूच्याच हातात होतं.

मग तो एका किराणा दुकानात लागला. मालक म्हणाला, "मी आलोच. तोवर दुकान बघ." म्हाळू रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. तिथून दुकान चांगलं दिसत होतं. एक गाय आत शिरली, ती त्याने पाहिली. गाय बाहेर आली तेव्हा बरीच जाड झाली होती, तेही पाहिलं.

शेवटी त्याची आई भागूबाई त्याला घेऊन वाचनालयात गेली. गावातलं वाचनालय सोनटक्केबाई चालवायच्या. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. भागूबाई म्हणाली, "बाई, याला तुमच्याकडे ठेवून घ्या. माणसं बोलतात, हा ऐकतो आणि इस्कोट होतो. पुस्तकं काय बोलत न्हाईत. इथं हा शहाण्यासारखा राहील."

बाईंना ते पटलं. म्हाळू वाचनालयाचा शिपाई झाला.

वाचनालय ग्रामपंचायतीच्या शेजारीच होतं. पुढे मोठ्यांची खोली. तिथे लोक पेपर वाचायचे आणि वाचता वाचता झोपायचे. मागे मुलांची खोली. ती बाईंनी स्वतः हट्ट करून मिळवली होती. घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली होती, खिडकीला पडदे स्वतः शिवले होते. त्या खोलीवर त्यांचा फार जीव होता.

पण खोलीत मुलं येत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. मागे कुणीतरी सगळी पुस्तकं बाइंडिंगला पाठवली होती. जाताना ती रंगीबेरंगी होती. आली ती सगळी खाकी. जाड खाकी पुठ्ठा, वर नाव नाही, चित्र नाही. कपाटात अशी उभी होती जशी पोलीस भरतीची रांग.

यातून फक्त एक पुस्तक सुटलं होतं. बाइंडरचा माणूस आला तेव्हा ते कुणाच्या तरी दप्तरात होतं. त्याच्यावर एक हिरवं भूत होतं. डोळे लाल, जीभ बाहेर, एका हातात कंदील. मुलं यायची ती त्याच पुस्तकासाठी. ते मिळालं नाही की परत जायची.

एकदा पाचवीतली मुक्ता आली. फार तोंडाळ मुलगी. तिने विचारलं, "बाई, भुताचं आहे?"

"ते शौर्यने नेलंय. तू हे ने ना. यात समुद्रातले चाचे आहेत, चाचे. जहाजं लुटतात."

मुक्ताने खाकी पुस्तक पुढून पाहिलं. मागून पाहिलं.

"दिसत नाहीत," ती म्हणाली.

म्हाळूनेही वाकून पाहिलं. त्यालाही दिसले नाहीत.

मुक्ता निघून गेली. आणि त्याच दुपारी सरपंच आले. सरपंच दौलतराव म्हणजे शौर्यचे आजोबा. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना रिकामी जागा बघवत नसे.

"बाई," ते म्हणाले, "महिनाअखेरीला जिल्ह्याहून साहेब येतायत वाचनालय बघायला. मुलांच्या खोलीत मुलंच नाहीत हे त्यांना दिसणारच. त्यापेक्षा ती खोली आपण मंडपाच्या सामानाला देऊ. खुर्च्या पावसात भिजतायत."

"मुलं येतील," बाई म्हणाल्या.

"आली तर खोली तुमची. नाही आली तर खुर्च्यांची. साहेब म्हणतील तसं."

सरपंच गेले. बाई कपाटासमोर बसल्या. मग त्या आपल्याशीच म्हणाल्या, "मुलांचं तरी काय चुकलं? ती आधी कव्हरच बघणार. या पुस्तकांना जरा चांगले कपडे घातले पाहिजेत."

त्या आपल्याशी बोलत होत्या. पण म्हाळू तिथेच होता.

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि दारातच थांबल्या. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला कपडे होते. लहान पुस्तकांना झबली. मधल्यांना कुंची. एका जाड्या शब्दकोशाला म्हाळूच्या बापाचा लग्नातला कोट, आणि गुंड्या लागत नव्हत्या म्हणून वरून करगोटा.

"हे काय रे?"

"चांगले कपडे. आईच्या ट्रंकेतले सगळ्यात चांगले. कोटाला डांबर गोळीचा वास येतोय, पण वापरून जाईल."

शाळा सुटल्यावर मुलं आली. चांगली घोळक्याने आली. बाईंना वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण पुस्तक कुणीच उघडलं नाही. एका मुलीने भूगोल मांडीवर घेऊन झोपवला. दुसरीने कवितांना तीट लावली. मग अंधार पडायच्या आत घरी जायचं म्हणून सगळी निघून गेली.

बाई म्हणाल्या, "अरे म्हाळू, कपडे म्हणजे कव्हर! जे आत आहे ते बाहेर दिसायला हवं. नाहीतर घेणाऱ्याला कळणार कसं?"

"असं होय," म्हाळू म्हणाला. "आता कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी त्याला घरून डबा आणायला पाठवलं. बाईंच्या वहिनीने डबा दिला. म्हाळू निघाला. वाटेत त्याला आठवलं, जे आत आहे ते बाहेर दिसायला हवं. त्याने डब्याकडे पाहिलं. नुसतं स्टील. आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळलं नसतं.

म्हाळू पारावर बसला. डबा उघडला. बटाट्याची भाजी त्याने डब्याला बाहेरून नीट थापली. पोळ्या चारी बाजूंनी गुंडाळल्या. आमटी वरून ओतली. चटणी थोडीच होती, ती झाकणावर टिळ्यासारखी लावली. मग लांब धरून बघितलं. लांबूनसुद्धा कळत होतं.

तो वाचनालयात पोहोचला तेव्हा त्याच्या मागे गावातली सगळी कुत्री होती. त्यांनाही कळलं होतं.

बाईंनी डबा पाहिला. डबा आतून स्वच्छ होता.

"अरे देवा! म्हाळू, आतलं आतच राहायला हवं! झाकण घट्ट लावायचं. वरून फडकं बांधायचं. थेंबसुद्धा बाहेर येता कामा नये!"

"काल तुम्हीच..."

"काल पुस्तकाचं बोलत होते! आता हे ऐक. आतलं ते आत!"

"आता कळलं," म्हाळू म्हणाला.

बाई उपाशीच कामाला लागल्या. त्यांनी विचार केला, कव्हरं पुढे बघू, आधी मुलांना बोलवू तर खरं. त्यांनी म्हाळूच्या गळ्यात हलगी अडकवली आणि म्हणाल्या, "गावभर दवंडी देऊन ये. मुलांच्या खोलीत चाचे आहेत, वाघ आहेत, राजे आहेत, सगळ्या मुलांनी या. येवढंच सांगायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

कोपऱ्यावर गेल्यावर म्हाळूने हलगी वाजवायला टिपरू उचललं. आणि त्याला आठवलं. आतलं ते आत. फडकं बांधायचं. थेंबसुद्धा बाहेर येता कामा नये.

त्याने खांद्यावरचा पंचा काढून हलगीला घट्ट बांधला. तोंड मिटलं. मग सगळे चाचे, वाघ आणि राजे तोंडातल्या तोंडात ठेवून तो गावभर फिरला. गाल फुगलेले. डोळे बाहेर आलेले. मधूनमधून बांधलेल्या हलगीवर टिपरू मारायचा. भद्द, असा आवाज यायचा.

लोक बघायला लागले. "काय झालं रे म्हाळू?" म्हाळू मान हलवायचा. थेंबसुद्धा बाहेर नाही. "दाढ दुखत असेल बिचाऱ्याची," एक म्हातारी म्हणाली आणि तिने त्याच्या गालात लवंग कोंबली. पुढच्या घरीही लवंग मिळाली. गाव मोठं प्रेमळ.

तो परतला तेव्हा तोंडात लवंगा मावत नव्हत्या. एकही मूल आलं नव्हतं.

सगळा प्रकार कळल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या एकेक शब्द मोजून बोलल्या. "म्हाळू. आत कोण आहे ते गावाला ओरडून सांगायचं. आत वाघ असेल तर आत वाघ आहे म्हणायचं. आत राजा असेल तर आत राजा आहे म्हणायचं. आणि ऐकू आलं नाही तर दिसावं म्हणून बाहेर त्याचं चित्र काढायचं. वाघाचं वाघासारखं, राजाचं राजासारखं."

म्हाळूने लवंगा थुंकल्या. "आता कळलं."

सकाळी तो ग्रामपंचायतीच्या मागून येत होता. तिथे पंचायतीचा संडास होता. सरपंच दौलतराव हातात टमरेल घेऊन आत गेले आणि आतून कडी लावली. म्हाळूने ते पाहिलं. दार कोरं होतं. कुणाला कळलं असतं आत कोण आहे?

त्याने खिशातून कोळसा काढला. दारावर सरपंचांचं चित्र काढलं. मिशा चांगल्या जमल्या. पोट दारात मावेना, म्हणून थोडं भिंतीवर घेतलं. मग हलगी काढली, या वेळी पंचा न बांधता, आणि कडकडून वाजवली.

"ऐका हो ऐका! आत सरपंच आहेत! सगळ्यांनी या हो!"

आता सरपंच भेटत नाहीत ही गावाची जुनी तक्रार होती. नळाला पाणी नाही म्हणून बायका आल्या. रस्त्यातला खड्डा कधी बुजवणार म्हणून रिक्षावाले आले. एक म्हातारबा दाखल्यासाठी महिनाभर हेलपाटे घालत होते, ते पुढे जाऊन दारापाशीच बसले. मोठी रांग लागली. आतून आवाज आला, "कोण आहे रे?" म्हातारबा म्हणाले, "निवांत होऊ द्या साहेब. आज आम्ही इथंच आहोत."

सरपंच बराच वेळ आत राहिले. शेवटी बाहेर आले ते लाल होऊन. आधी त्यांनी दारावरचं चित्र पाहिलं. मग भिंतीवरचं पोट पाहिलं. मग म्हाळूला पाहिलं.

"अरे गाढवा! आत कोण आहे ते कळत नसेल तर माणूस दार वाजवतो! 'आत कोण आहे?' म्हणून विचारतो! ओ आली तर पुढे निघून जायचं, ओ नाही आली तर आत कुणी नाही समजायचं! एवढीसुद्धा अक्कल नाही?"

"आता आली," म्हाळू म्हणाला.

सरपंच तडक बाईंकडे गेले. "हा माणूस मला इथे दिसता कामा नये."

बाईंनाही वाटलं, पुरे झालं. त्या म्हाळूला घरी जा म्हणून सांगायला बाहेर आल्या. म्हाळू पायरीवर बसला होता. त्याला वाईट वाटलं होतं. वाईट वाटलं की तो गप्प बसायचा, आणि गप्प बसला की शहाणा दिसायचा. बाईंना त्याची दया आली. त्या म्हणाल्या, "ऊठ. साहेब यायच्या आधी खोली आवरू. रिकामी खोकी असतील ती अंगणात काढ. भरलेलं काही हलवू नकोस. मी सरपंचांची समजूत घालून येते."

बाई गेल्या. म्हाळूने खोकी बाहेर काढली. ती रिकामी होती हे दिसतच होतं. मग तो कपाटाकडे वळला. ही रिकामी की भरलेली? त्याने पहिल्या खाकी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर टकटक केलं.

"आत कोण आहे?"

ओ आली नाही. म्हाळूने अदबीने थोडा वेळ थांबून पुन्हा विचारलं. मग ते पुस्तक अंगणात नेऊन ठेवलं. दुसऱ्यावर टकटक केलं.

सरपंचांना कसंबसं समजावून बाई परत आल्या तेव्हा कपाट मोकळं होतं आणि अंगणात पुस्तकांचा ढीग होता. त्याच्याभोवती शाळा सुटलेली मुलं बसली होती. म्हाळूचं बघून तीही पुस्तकं वाजवत होती. टकटक, आत कोण आहे? टकटक, आत कोण आहे? मोठा खेळ रंगला होता.

बाईंना राग आला होता, पण मुलं पुस्तकापाशी बसलीयत हे बघून तो जरा निवला. त्या मुक्ताशेजारी मातीत बसल्या. मुक्ताने एक पुस्तक वाजवलं. बाई म्हणाल्या, "आत बोलका पोपट आहे."

"भूत आहे का?"

"नाही."

मुक्ताने ते खाली ठेवलं. शौर्यने एक वाजवलं. "यात?"

"यात राजकन्या आहे, ती घोड्यावरून पळून जाते."

"आणि भूत?"

"भूत नाही रे."

त्यानेही खाली ठेवलं. थोड्या वेळात सगळी मुलं निघून गेली. बाई उठल्या, साडी झटकली आणि त्राग्याने म्हणाल्या, "या पोरांना भुताशिवाय दुसरं काही नकोच! ज्याला कुणी हात लावत नाही, त्याला भुताचं कव्हर चढवावं. म्हणजे उड्या पडतील!"

त्या चिडून बोलल्या. मनातलं नव्हतं ते. पण म्हाळू ढिगामागेच उभा होता.

"आता कळलं," म्हाळू म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरोखरच कळल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती. म्हाळूने शौर्यने परत आणून दिलेलं भुताचं पुस्तक घेतलं आणि बाजारात गेला. झेरॉक्सवाला त्याच्या मावशीचा मुलगा होता. त्याने रंगीत भुतं काढून दिली, गठ्ठाभर. भागूबाईने मैद्याची खळ शिजवून दिली. म्हाळू दिवसभर बसला आणि एकूण एक खाकी पुस्तकावर हिरवं भूत चिकटवून त्याने ते पुन्हा कपाटात लावलं. चाच्यांवर भूत. पोपटावर भूत. मुलांचं झाल्यावर तो मोठ्यांच्या खोलीत गेला, कारण तिथल्या कपाटाला तर कुणीच हात लावत नव्हतं. शेळीपालनावर भूत. लोणची-मुरंब्यांवर भूत. मागच्या सालच्या पंचांगावर भूत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा एका मुलाने सहज खिडकीतून डोकावलं. कपाटभर भुतं बघून तो किंचाळला. किंकाळी ऐकून वर्ग आला. वर्ग कुठे पळत गेला ते बघायला शाळा आली.

बाई चहा पिऊन येईपर्यंत म्हाळूने परत करायच्या तारखेचा शिक्का मारून मारून दोन्ही खोल्यांतली कपाटं रिकामी केली होती. ज्यांना पुस्तक मिळालं नाही ती मुलं भोकाड पसरून रडत होती. वाचनालयात पुस्तकासाठी मूल रडतंय हे बाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"म्हाळू, काय केलंस हे! ही फसवणूक झाली! आत भूत नाहीये!"

"मग बाहेर तरी असू दे," म्हाळू म्हणाला.

मुलांना कळलं की ती पुन्हा पाऊलही टाकणार नाहीत, असं बाईंना वाटलं. त्या आठवडाभर धास्तीतच होत्या.

इकडे घरोघर मुलं वाचायला बसली. पहिलं पान झालं, भूत आलं नाही. दुसरं झालं, आलं नाही. पुढे येईल म्हणून आणखी वाचलं. भूत मुद्दाम शेवटाला ठेवलं असेल म्हणून शेवटापर्यंत वाचलं. शौर्यला लोणची-मुरंब्यांचं पुस्तक मिळालं होतं. कैऱ्या चिरून झाल्या, मीठ लावून झालं, बरणी भरून झाली. बरणी उघडल्यावर निघेल, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने आजीला घेऊन खरोखरच बरणी घातली. पंचांग मिळालेला पोरगा तर आईला घराबाहेर पाऊल टाकू देईना. "थांब, राहुकाळ आहे," म्हणायचा. कदाचित भूत तेव्हाच येत असेल.

मग एकेक जण परत यायला लागला. सगळ्यात आधी मुक्ता. तिच्याकडे शेळीपालन होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, यात भूत नाही."

"नाही गं," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "माफ कर."

"पण शेळीचं पोट फुगलं तर काय करायचं ते आहे. आमच्या शेजारच्या शेळीचं पोट फुगलं होतं. मी त्यांना पुस्तकातलं वाचून दाखवलं. शेळी उठली. आता दुसरं द्या."

मागून एक मुलगा धावत आला. त्याचे डोळे चमकत होते. "बाई! यात चाचे आहेत! जहाजं लुटतात! तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"अरे, मी रोज सांगत होते!"

"सांगितलंत," तो म्हणाला. "दाखवलं कुठे?"

बाईंनी त्याच दिवशी रंगपेट्या मागवल्या. भुतं काढून टाकायची आणि ज्याने जे वाचलं त्याने त्याचं खरं कव्हर काढायचं. मुलं जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायला लागली. चाच्यांना चाचे मिळाले, राजकन्येला घोडा मिळाला, शेळीपालनाला पोट फुगलेली शेळी मिळाली. भुतं उरली ती म्हाळूने खिशात ठेवली. चांगली होती. टाकवली नाहीत.

आणि साहेब आले.

टेंभुर्णेसाहेब म्हणजे फार गंभीर माणूस. अंगात गळ्यापासून पायापर्यंत खाकी सफारी. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. त्यांनी खोली पाहिली. पुस्तकं पाहिली. मुलांना विचारलं, "तू काय वाचलंस?" मुक्ताने शेळीचं सांगितलं. शौर्यने मुरंब्याचं सांगितलं. साहेब नुसतं "हं" म्हणायचे. "हं" म्हणजे हो की नाही ते कुणालाच कळेना.

"चहा घेतो. मग माझा निर्णय सांगतो," साहेब म्हणाले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले.

सरपंच पुढे होऊन म्हणाले, "साहेब, जेवण आमच्याकडेच आहे. मी घरी जाऊन बघतो." ते गेले. बाई चहा बघायला गेल्या. मुलं साहेबांना भिऊन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. साहेब पहाटे निघाले होते, वर ऊन चढलेलं. त्यांचा डोळा लागला.

म्हाळू खांबाला टेकून बघत होता. साहेब एकटेच बसले होते. वरपासून खालपर्यंत खाकी. नाव नाही, चित्र नाही. जवळसुद्धा कुणी येत नाही.

म्हाळूला वाईट वाटलं. त्याने खिशात हात घातला.

खळ ताजी होती. त्याने छातीवर एक भूत चिकटवलं. सफारी रुंद होती, म्हणून पोटावर एक. कव्हर दोन्हीकडून लागतं म्हणून हळूच पुढे वाकवून पाठीवर एक. साहेब घोरत होते. म्हाळू मागे सरकला, लांबून बघितलं आणि खोलीच्या दारातून म्हणाला, "पोरांनो, नवीन आलंय."

मुलं उठली. मुलांनी पाहिलं. आणि उड्या पडल्या.

"मला!" "मी आधी बघितलं!" "मागच्या वेळी तुला मिळालं होतं!" एकाने साहेबांचा डावा हात धरला, दुसरीने उजवा. मुक्ता खुर्चीवर चढली. शौर्यने कमरेला मिठी मारली ती सोडेना.

साहेब जागे झाले. आजवर त्यांनी कितीतरी गावं तपासली होती. गावोगावी लोक त्यांना बघून मागे सरकायचे, नमस्कार करायचे आणि कधी जातात याची वाट बघायचे. आपण हवेत म्हणून अशी ओढाताण कधीच झाली नव्हती. त्यांनी मुलांकडे पाहिलं. छातीवरच्या भुताकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली. मग दोन्ही गाल हलले. मग पोटावरचं भूत गदागदा हलायला लागलं. साहेब हसत होते.

बाई चहाची कपबशी घेऊन आल्या.

"बाई," साहेब डोळे पुसत म्हणाले, "ही खोली बंद करायची कुणाची हिंमत आहे? खोली मुलांची. सरपंचांना मी सांगतो. आत्ताच त्यांच्याकडे जेवायला चाललोय."

बाईंनी कपबशी खाली ठेवली. मुलं ओरडली. बाई तोंड धुवायला म्हणून आत गेल्या आणि तिथे थोडा वेळ रडल्या.

साहेब उठले. "चला, कोण मला सरपंचांचं घर दाखवतंय?"

"मी!" शौर्य म्हणाला. "माझंच घर आहे."

म्हाळू आडवा आला. "असं कसं न्यायचं? रांग लावा." मुलांनी रांग लावली. शौर्य पुढे, त्याच्यामागे मुक्ता. म्हाळूने शिक्का शाईत बुडवला आणि साहेबांच्या कपाळावर तारीख मारली. नीट उमटली आहे ना ते बघितलं. मग साहेबांचा हात शौर्यच्या हातात दिला आणि म्हणाला, "जपून ने. उन्हात ठेवू नकोस. थुंकी लावून पान उलटायचं नाही." साहेब इतके हसत होते की त्यांना कपाळाचं काही कळलंच नाही. दोघं हात धरून गेले.

थोड्या वेळाने जीपचा ड्रायव्हर व्हरांड्यात आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. म्हाळू शिक्का पुसत बसला होता.

"ओ दादा, आमचे साहेब कुठे आहेत?"

"साहेब दिलेत," म्हाळू म्हणाला.

"दिलेत? कुणाला दिलेत?"

"सरपंचांच्या शौर्यला. पुढच्या बुधवारी परत येतील. पण तुम्ही उगाच थांबू नका. त्यांच्यावर पुढचा नंबर मुक्ताचा आहे."